यात्रेच्या तारखेआधी: सीमाभागातील जीर्णोद्धार समित्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि परिसरातील गावोगावच्या देवालय जीर्णोद्धार समित्या, देवस्थानांचे पंच, युवक मंडळे आणि वाचनालयांच्या कार्यकारिणी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या भागात गावच्या महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी भरत नाही. कुठे पाच वर्षांनी, कुठे बारा वर्षांनी, कुठे त्याहूनही मोठ्या खंडाने ती ठरते, आणि एकदा तारीख निघाली की सारा गाव कामाला लागतो. घरांना रंग लागतात, रस्त्यांची डागडुजी होते, पाहुण्यांच्या याद्या तयार होतात आणि या सगळ्याच्या आधी देवळाचा जीर्णोद्धार निघतो. वर्गणीची पावतीपुस्तके छापली जातात, पुण्या-मुंबईत आणि गोव्यात नोकरीला असलेल्या मंडळींना फोन जातात, समिती बसते, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच बैठकीत जुने उतरवून नवे बांधायचे असे ठरून जाते. हे पत्र त्या पहिल्या बैठकीच्या आधी आपल्या हाती पडावे, म्हणून लिहीत आहे. काय राखायचे, काय दुरुस्त करायचे आणि काय उतरवायचे हे ठरवण्याचे एक रीतसर शास्त्र आहे, ते शिकता येते, आणि ते शिकलेली निदान दोन माणसे समितीत असल्याशिवाय देवळाच्या भिंतीला पहार लावू नये, एवढीच माझी विनंती आहे.

ही विनंती मी अनुभवाने करतो आहे. खानापूर तालुक्यातील माझ्या गावच्या समितीचा मी सचिव होतो. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका माझ्याकडे होती, इमारतींच्या कामावर अनेक वर्षे काढली होती, त्यामुळे देवळाच्या कामात माझा शब्द शेवटचा मानला जाई. देऊळ चिरेबंदी होते, म्हणजे भिंती जांभ्याच्या, त्यावर चुन्याचा गिलावा, मंडपाला फणसाच्या लाकडाचे खांब आणि वर कौले. गाभाऱ्याच्या भिंतीला पायथ्याशी ओल येत होती आणि चुन्याचे पापुद्रे सुटत होते. यात्रेला जेमतेम पाच महिने उरले होते. आम्ही सगळा जुना गिलावा खरवडून काढला, आतून-बाहेरून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला, खाली गुळगुळीत फरशी बसवली आणि भिंतींना ऑइल पेंट दिला. यात्रा थाटात झाली. पाहुण्यांनी देवळाचे कौतुक केले आणि ते मी मनापासून स्वीकारले.

तिसऱ्या पावसाळ्यात ओल पुन्हा दिसली, आणि या वेळी ती पायथ्याशी नव्हती, छातीच्या उंचीवर, सिमेंट जिथे संपत होते त्याच्या वर होती. रंगाला फुगे आले, भिंतीवर पिठासारखे पांढरे क्षार उमटले, आणि बोटाच्या पेराने ठोकले की गिलावा भदभद वाजू लागला. शेवटी तो काढला, तेव्हा त्याला चिकटून जांभ्याचा दर्शनी थरही निघून आला. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला चिरा माझ्या डोळ्यांदेखत तांबड्या मातीसारखा हातात चुरत होता. गावात कोणी मला बोल लावला नाही. देवाचे काम होते, चांगल्या हेतूने केले होते, असेच सगळे म्हणाले. मला मात्र त्या भिंतीजवळ उभे राहवत नसे.

कारण कळले ते पुढे, एका संवर्धन कार्यशाळेला गेल्यावर. दहा दिवसांचे प्रशिक्षण होते आणि पहिले तीन दिवस आम्हाला कोणत्याही भिंतीला हात लावू दिला नाही. पाहायचे, मोजायचे, रेखाटायचे आणि लिहायचे, एवढेच काम. ओल दिसली की ती कुठून येते, किती उंचीपर्यंत चढते, कोणत्या महिन्यात वाढते, जवळपास पाणी कुठे साचते, छपराच्या पागोळ्या कुठे पडतात, हे लिहिल्याशिवाय उपायाचा शब्द काढायचा नाही. डॉक्टर नाडी न पाहता सुई टोचत नाही, आणि आपण मात्र भिंत न तपासता तिला सिमेंट टोचतो. परत आल्यावर मी आमच्या देवळाभोवती तीच रीत लावून पाहिली. देवळाच्या कडेने पूर्वी दगडी गटार होते. आमच्या आधीच्या एका समितीने अंगणात काँक्रीट ओतताना ते बुजवले होते आणि अंगणाची पातळी वीतभर उंचावली होती. त्यामुळे पागोळ्यांचे सगळे पाणी पायात मुरत होते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल निदान बाहेर तरी पडत होती. आम्ही सिमेंट आणि ऑइल पेंट लावून तिची वाटच बंद केली, तेव्हा ती भिंतीच्या आतून वर चढली आणि जाताना क्षार घेऊन गेली. हे क्षार चिऱ्याच्या छिद्रांत साचून त्यांचे स्फटिक बनतात आणि फुगून दगडाला आतून फोडतात. पाच-सहा गडी लावून गटार मोकळे केले असते, तर गाभारा वाचला असता. यात्रेच्या एकूण खर्चात तो खर्च कोणाच्या लक्षातही आला नसता.

त्या कार्यशाळेतली एक साधी गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण ती कोणत्याही गावात उद्या करता येईल. भिंतीला तडा गेला की आपण घाबरतो आणि भिंत पाडायची भाषा सुरू होते. तिथे शिकवले ते असे की तड्यावर आडवी, बोटभर रुंदीची पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना लुकणाने बसवायची, तिच्या शेजारी तारीख लिहायची आणि निदान एक पावसाळा थांबायचे. पट्टी फुटली तर तडा जिवंत आहे, भिंत अजून हलते आहे, आणि कारण पायात शोधायला हवे. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना आहे, भिंत केव्हाच स्थिर झाली आहे, आणि चुन्याने तो भरून काढला की काम झाले. पाच-दहा रुपयांच्या काचेने ज्या भिंतीचा निकाल लागू शकतो, ती आपण केवळ भीतीपोटी जमीनदोस्त करतो.

चुन्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या बांधकामाचा जीव त्यात आहे. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळतो. विझल्यावर तो चाळून पाण्याखाली मुरवावा लागतो, आणि जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. मग वाळू किंवा सुरखी म्हणजे विटांची भुकटी मिसळून चुन्याच्या घाण्यात मळायचा. ठिकठिकाणच्या गवंड्यांनी त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घातले, गिलाव्यात ताग कापून टाकला, आणि शेवटचा हात नीरूचा, म्हणजे चुन्याच्या बारीक लेपाचा, देऊन भिंत तुकतुकीत घोटली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड होतो. त्याला वेळ लागतो, ऊन-पाऊस सांभाळावा लागतो, थर पातळ द्यावे लागतात. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात हे काम पावसाळा सरल्यावरच हाती घ्यावे लागते. म्हणजे यात्रा उन्हाळ्यात असेल, तर निर्णय त्याच्या आदल्या उन्हाळ्यात व्हायला हवा. आपण तो पाच महिने आधी घेतो आणि मग घाई भागवणारे एकच साहित्य हाताशी उरते. सिमेंटशी माझे वैर नाही. माझे स्वतःचे घर सिमेंटचे आहे. पण मऊ चिऱ्याच्या दरजा, म्हणजे सांधे, कडक सिमेंटने भरल्या की दरज टिकते आणि चिरा झिजतो. हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस बैठकीत हजर असला पाहिजे.

आता मूल्यमापनाकडे येतो. हा शब्द ऐकला की सरकारी तिजोरी किंवा सोन्याचा भाव आठवतो. वारशाच्या मूल्यमापनात किमतीचा प्रश्नच येत नाही. एखादी वास्तू, मूर्ती, दगड, कागद किंवा रूढी कशासाठी महत्त्वाची आहे, कोणाला महत्त्वाची आहे, आणि तिच्यातला नेमका कोणता अंश गेला तर ते महत्त्व जाईल, याचा लेखी निवाडा म्हणजे मूल्यमापन. ऑस्ट्रेलियातील बुरा येथे १९७९ साली मांडल्या गेलेल्या वारसा-संवर्धनाच्या सनदेपासून जगभर ही रीत रुळली आहे. सौंदर्य, इतिहास, शास्त्रीय माहिती, समाजाची आणि श्रद्धेची नाळ अशा अंगांनी पाहायचे आणि प्रत्येक अंगाविषयी वेगळे लिहायचे. हे आपल्या गावात आणून पाहा. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर शिल्पकलेसाठी कोणी पाहायला जात नाही, पण १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात अधिवेशन भरले, त्यासाठी ती खोदली गेली, आणि गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असे काँग्रेसचे ते एकमेव अधिवेशन. तिचे मोल इतिहासात आहे. उलट, बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर पाहणारा माणूस राजा कोण होता हे विचारण्याआधी छताकडे मान वर करून उमलत्या कमळाकडे पाहत राहतो. आणि गावच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला अनघड दगड ना कलेचा नमुना आहे ना त्याच्यावर सनावळी आहे, तरी तो हलवला तर गावाचे काहीतरी हलते. तीन गोष्टी, तीन वेगळी मोले, आणि म्हणून सांभाळण्याच्या तीन वेगळ्या तऱ्हा.

हे न कळल्यामुळे काय होते, ते आपण सगळे पाहतो. कितीतरी गावांत वीरगळ देवळाच्या पायरीला लावलेले आहेत किंवा पाणवठ्यावर कपडे धुण्यासाठी उपयोगात आहेत. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाचे स्मारक. खालच्या चौकटीत लढाई, तिच्या वर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सर्वात वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गुरांसाठी झुंजताना मेलेला असेल तर खाली गाईही कोरलेल्या असतात. जीर्णोद्धाराच्या वेळी हे दगड जागेवरून उचलून एका रांगेत सिमेंटच्या कट्ट्यात पक्के बसवले जातात, तारेच्या ब्रशने घासले जातात, कधी आम्लाने धुतले जातात, आणि सोनेरी-चंदेरी रंगवले जातात. कुठला दगड कुठे उभा होता याची नोंद कोणी केलेली नसते. खालची बाजू सिमेंटमध्ये गेली की तिथे ओळभर अक्षरे असली तरी ती कायमची गेली. एक टेप, एक मोबाइल आणि एक वही घेऊन अर्ध्या दिवसात ही नोंद होऊ शकते, पण ती करायची असते हे कोणीतरी शिकवलेले असावे लागते.

इथे समित्यांच्या मनातली एक शंका मला ठाऊक आहे. वारसावाले आले की काहीच करू देणार नाहीत, ही ती शंका. प्रत्यक्षात नीट केलेले मूल्यमापन समितीचे हात मोकळे करते. देवळापुढे पन्नास वर्षांपूर्वी ठोकलेला पत्र्याचा मंडप उतरवायला हरकत नाही, वायरिंग नवे करायला हरकत नाही, भाविकांसाठी स्वच्छतागृह आणि सावली करायलाही हरकत नाही, असे तेच मूल्यमापन लेखी सांगते. कशाला हात लावायचा नाही हे एकदा ठरले की बाकी ठिकाणी निर्धास्त काम करता येते.

देऊळ जागते आहे, ते वस्तुसंग्रहालय नव्हे, हाही आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. दिवा लागलाच पाहिजे, अभिषेक झालाच पाहिजे, पालखी निघालीच पाहिजे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१४ सालच्या राष्ट्रीय संवर्धन धोरणानेही पूजाअर्चा चालू असलेल्या वास्तूंचा वेगळा विचार केला आहे आणि परंपरागत कारागिरांना कामात मोठे स्थान दिले आहे. प्रशिक्षित माणूस अभिषेकाचे पाणी बाहेर जाण्याची वाट तपासतो, तेलाचा थर दगडावर कसा बसतो ते पाहतो, आणि पूजा न थांबवता दगड कसा राखायचा याचा विचार करतो.

कायद्याचे म्हणाल, तर बेळगावचा किल्ला आणि कमल बस्ती यांसारखी मोजकी स्थळे केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत, आणि अशा स्थळांपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई व त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट केंद्राच्या प्राचीन स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीने घातली आहे. कर्नाटक राज्याचाही १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे. पण गावोगावची लहान देवळे, वाडे, तळी, वीरगळ आणि कागद यांतले बहुतेक कोणत्याही यादीत नाही. ते तुमच्या-माझ्या शहाणपणावर सोडलेले आहे.

पुढचा मुद्दा आपल्या सीमाभागापुरता खास आहे, आणि तो मी जपून मांडतो. भाषेच्या प्रश्नावर मला माझी मते आहेत आणि ती मी कधी लपवली नाहीत, पण या पत्राचा तो विषय नाही. इथल्या वारशाची गोष्ट अशी आहे की इथला दगड बहुधा जुन्या कन्नडमध्ये बोलतो आणि इथला कागद बहुधा मोडीत. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका. तिथे सापडलेल्या कदंबांच्या ताम्रपटांची भाषा मात्र संस्कृत आहे. देगावचे कमलनारायण मंदिर गोव्याच्या कदंबांच्या काळातले, राणी कमलादेवीच्या आश्रयाने बाराव्या शतकात उभे राहिलेले. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील, किल्ल्यातील जैन बस्तीविषयीचे १२०४ सालचे शिलालेख जुन्या कन्नडमध्ये आहेत, आणि ते वाचायचे तर आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाकडे पाहावे लागते. दुसरीकडे, देसाई, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या माडीवरच्या पेट्यांत सनदा, वतनपत्रे, हिशेब आणि महजर मोडीत लिहिलेले आहेत. शहापूर सांगली संस्थानात होते, निपाणीला निपाणकरांचा कारभार होता, आणि १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या सगळ्या काळाचा कागद मोडीत उतरला आहे. म्हणून इथे वारशाचे मूल्यमापन करणाऱ्याला दोन्ही लिप्यांशी तोंडओळख हवीच. गावात कन्नड शिलालेख निघाला की काहींच्या कपाळाला आठी पडते, आणि मोडीची पेटी निघाली की दुसऱ्या काहींना ती रद्दी वाटते. दोन्ही वेळा नुकसान याच मातीचे होते. नऊशे वर्षांपूर्वी दगडावर अक्षर कोरणाऱ्या कारागिराला आजचा वाद माहीत नव्हता.

कागदांच्या बाबतीत एक प्रसंग सांगावासा वाटतो. ओळखीच्या एका घरात आजोबांनी जपलेली एक सनद होती. मुलांनी ती कायमची टिकावी म्हणून शहरात नेऊन प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून आणली आणि मोठ्या अभिमानाने मला दाखवली. हातकागद उष्णतेने पिवळा पडला होता, घडीवरचा शिक्का चेपून फिका झाला होता, आणि आता ते प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय निघणार नव्हते. त्यांना मी काही बोललो नाही, कारण त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन करायचे नाही, फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि खळ वापरायची, म्हणजे पुढे गरज पडल्यास ती ओली करून काढता येते, आम्लरहित कागदात सपाट ठेवायचे, आणि सगळ्यात आधी चांगले छायाचित्र काढून ठेवायचे, एवढे शिकायला दोन दिवस पुरतात. केलेला उपाय उद्या उलटा करता आला पाहिजे, हा संवर्धनाचा पहिला धडा आहे आणि तो कागदाला लागू आहे तसाच गाभाऱ्यालाही. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ सालची. त्याच्यासारख्या जुन्या वाचनालयांच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या गावोगावच्या वाचनालयांनी आपल्या कपाटांसाठी आणि आपल्या सभासदांच्या घरच्या पेट्यांसाठी हे दोन दिवस काढावेत, असे मला आग्रहाने वाटते.

युवक मंडळांसाठी थोडेच लिहितो, कारण त्यांची निष्ठा मी जवळून पाहिली आहे. राजहंसगडावर, आणि पलीकडे चंदगड तालुक्यातील महिपाळगड, कलानिधीगड, पारगडावर जाऊन झाडोरा काढणारी, सुट्टीच्या दिवशी टाक्यांतला गाळ उपसणारी ही मुले आहेत. पण टाक्यातला गाळ म्हणजे नुसता चिखल नसतो. त्यात थरावर थर साचलेले असतात आणि त्या थरांत खापरे, बांगड्यांचे तुकडे, नाणी, तोफगोळे असतात. कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे नोंदवले तर तो इतिहास, नाहीतर ढीग. बेळगाव शहराला लागून असलेल्या वडगाव-माधवपूर येथे सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली, ती असेच थर उलगडत केलेल्या उत्खननातून. तटाच्या दरजेत रुजलेला पिंपळ ओढून काढला तर चिरेही त्याच्याबरोबर येतात. तो बुंध्याशी कापून मूळ जागीच मारावे लागते आणि पोकळी चुन्याने भरावी लागते. दिवाळीत आपल्या गल्लीगल्लीत मुले मातीचे किल्ले करतात, तेव्हा बुरूज, दरवाजे, टाक्या कुठे आहेत याचा ती किती बारकाईने अभ्यास करतात! तीच नजर मोजपट्टी आणि आराखड्याकडे वळवली तर पाच वर्षांत या भागातल्या प्रत्येक गडाचा नकाशा आपल्या हातात असेल.

मग शिकायचे कुठे? मोठ्या संस्था आहेत. पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडा येथील संस्था पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांची पदविका देते. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन अनुसंधान प्रयोगशाळेची प्रादेशिक शाखा म्हैसूरला आहे आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाची शिलालेख शाखाही तिथेच आहे. धारवाडला सर्वेक्षणाचे मंडल कार्यालय आहे. १९८४ साली स्थापन झालेली इंटॅक ही संस्था देशभर संवर्धनाची कामे आणि प्रशिक्षणे करते. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. आपल्या मुलामुलींनी तिथे जरूर जावे. इतिहास, वास्तुकला, रसायनशास्त्र, स्थापत्य यांपैकी काहीही शिकलेल्यांना या क्षेत्रात जागा आहे, आणि आई-वडिलांनी 'यात पोट भरेल का' असे विचारले, तर संवर्धनाची कामे वाढत आहेत आणि ती जाणणारी माणसे कमी आहेत, हे त्यांना सांगावे.

पण या सगळ्या वाटा पदवीधरांच्या आहेत. देवळाच्या भिंतीला प्रत्यक्ष हात लावतो तो गवंडी, आणि तुळई बदलतो तो सुतार. तो रोजंदारीवर जगतो. दहा दिवस प्रशिक्षणाला बसला तर घरची चूल कशी पेटेल, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न आहे. म्हणून प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, त्याच्या भाषेत आणि त्याची मजुरी भरून झाले पाहिजे. हे अशक्य नाही. खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था आहे. तिथे हात मातीत घालून माणसे शिकतात. चुन्यासाठी, चिऱ्यासाठी, लाकडासाठी तसेच शिकता येईल. ज्या म्हाताऱ्या गवंड्यांच्या हातात अजून चुन्याचे माप आहे, त्यांना त्या वर्गात गुरुजी म्हणून मानधन देऊन बसवावे, आणि हे लवकर करावे.

माझा प्रस्ताव असा आहे. प्रत्येक समितीने वर्गणीतल्या शंभर रुपयांमागे पाच रुपये प्रशिक्षणासाठी बाजूला काढावेत. एका तालुक्यातल्या आठ-दहा समित्या एकत्र आल्या, तर दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात एक वर्ग चालवण्याइतके पैसे उभे राहतील. प्रत्येक गावाने एक कारागीर आणि एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी पाठवावी. मुलगी पाठवा असे मी आवर्जून म्हणतो, कारण देवळाच्या समितीत ती बहुधा नसते आणि घरातली पेटी मात्र तीच उघडते. वर्गात नोंद आणि मोजमाप, ओल आणि तड्यांची तपासणी, चुना मळणे, कागद हाताळणे, आणि मोडी व जुन्या कन्नडची अक्षरओळख व्हावी. शिलालेखाचा ठसा घ्यायलाही शिकवावे. दगड पाण्याने अलगद धुऊन त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकत अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. काळ्या कागदावर पांढरी अक्षरे उठतात, तेव्हा न वाचता येणाऱ्या माणसाच्याही अंगावर काटा येतो. हे मी पाहिले आहे. जिल्हा प्रशासनाने आणि विद्यापीठांनी अशा वर्गांना तज्ज्ञ आणि प्रमाणपत्र द्यावे, अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून केली तर तिला वजन येईल. एकट्या-दुकट्या गावाचा अर्ज फायलीत राहतो.

आमच्या देवळाचे काम आता पुन्हा सुरू आहे. गटार मोकळे केले आहे, अंगणाचे काँक्रीट भिंतीपासून हातभर तोडले आहे, सिमेंट काढून भिंत दोन उन्हाळे नुसती सुकू दिली आहे. चुना मुरतो आहे. उत्तरेच्या भिंतीवरच्या तड्यावर तीन काचपट्ट्या आहेत. त्यांतली मधली गेल्या श्रावणात फुटली, बाकीच्या दोन शाबूत आहेत. ज्या समितीची यात्रा पुढच्या दोन वर्षांत आहे, तिच्या मंडळींनी येऊन हे काम पाहावे. आपण बोलावलेत तर टेप, ओळंबा आणि काचपट्ट्या घेऊन मी आपल्या गावी येईन. माझ्या येण्याजाण्याचा खर्च मी करीन. आपण फक्त पहिली बैठक त्या भेटीनंतर ठेवावी.

कळावे,

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातील एका जीर्णोद्धार समितीचा माजी सचिव